मान दुखत नाही, तरीही मान तपासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय का ते तुम्हालाही कळेल. आई 63 वर्षांच्या आहेत. दीड वर्षापासून दोन्ही हातांना मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, वस्तू हातातून निसटतात. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही, केली तेव्हा ‘दोन्ही मनगटांत सौम्य कार्पल टनेल’, म्हणजे मनगटात हाताची नस दबलेली, असा रिपोर्ट आला. उजव्या मनगटाचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, फरक शून्य. मग चालताना तोल जायला लागला म्हणून कंबरेचा एमआरआय काढला, त्यात मणक्यांमधली खालची एक गादी थोडी बाहेर आलेली दिसली. मध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून इंजेक्शनं झाली. आता एक डॉक्टर म्हणतात मधुमेहाने नसा गेल्या, दुसरे म्हणतात वय झालं. तुम्ही विचारताय, आधी डाव्या मनगटाचं ऑपरेशन करायचं की कंबरेचं?

पण तुमच्या लिहिण्यात शेवटी एक ओळ आहे, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ‘हल्ली आई वाती वळत नाही, आणि चप्पल पायातून निघून गेली तरी दोन पावलं पुढे गेल्यावर तिला कळतं.’ माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा ही ओळ जास्त बोलते.

मी गेली सव्वीस वर्षं मणक्याच्या शस्त्रक्रिया करतो. आईंना हात न लावता निदान सांगणं चूक ठरेल, म्हणून निदान सांगत नाही. पण तुम्ही लिहिलंय ते तसंच असेल, तर दोन्ही ऑपरेशनं तूर्त थांबवा आणि आधी मान तपासून घ्या. मान दुखत नाही हे तुम्ही दोनदा लिहिलंय. ते वाचूनही मी हेच म्हणतोय, आणि का ते सांगतो.

मज्जारज्जू मेंदूपासून निघून मानेतून, पाठीतून खाली येतो आणि मोठ्या माणसात कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याच्या खाली फक्त सुट्या नसांचा झुपका असतो. म्हणजे कंबरेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूचं जेमतेम शेवटचं टोक दिसतं. हातांना जाणाऱ्या नसा मानेतून निघतात. पायांना जाणारा सगळा निरोप मानेतूनच खाली उतरतो. मानेतल्या हाडाच्या नळीची रुंदी साधारण 17-18 मिलिमीटर असते आणि तीत आठ-दहा मिलिमीटर जाडीचा मज्जारज्जू बसलेला असतो. वयाबरोबर गाद्या झिजतात, हाडाला कंगोरे फुटतात, आतले पडदे जाड होतात. काहींची नळी जन्मतःच 13 मिलिमीटरपेक्षा अरुंद असते. अशांच्या मज्जारज्जूभोवती जागाच उरत नाही.

आमच्याकडे उसाला पाणी देणाऱ्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. पाट वर कुठेतरी तुंबतो आणि कोरडं राहतं ते खालचं वावर. खालच्या वावरात कितीही खणलं तरी पाणी येत नाही. मानेत मज्जारज्जू दाबला गेला की तक्रार हातापायांत उमटते आणि मान गप्प राहते. मानेचं दुखणं स्नायूंचं आणि सांध्यांचं असतं. मज्जारज्जू हळूहळू दाबला जात असेल तर तो स्वतः दुखत नाही. म्हणून या आजाराचे कितीतरी पेशंट मानेची तक्रार घेऊन येतच नाहीत. पन्नाशी-साठीनंतर मज्जारज्जूचं काम बिघडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे, तरीही निदानाला सरासरी दोन वर्षांहून जास्त काळ जातो, आणि वाटेत सर्वाधिक वेळा चिकटणारं चुकीचं नाव म्हणजे कार्पल टनेल.

आता कार्पल टनेलबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी ते उगाच काढलं नाही, एनसीव्हीत ते खरोखर दिसलं असणार. मधुमेह असलेल्या बाईच्या मनगटात ही नस थोडी मंदावलेली सापडणं अगदी नेहमीचं आहे. प्रश्न असा की जे सापडलं त्याचाच हा त्रास आहे का? कार्पल टनेलच्या मुंग्या अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेचा अर्धा भाग एवढ्यात राहतात. करंगळी सुटते. रात्री झोपेतून जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. आणि कार्पल टनेलने माणसाचा तोल कधीच जात नाही. आईंना करंगळीसकट सगळी बोटं बधिर वाटतात का, आणि हात झटकून बरं वाटतं का, एवढं त्यांनाच विचारा. तोल जातोय हे तर तुम्हीच लिहिलं आहे.

कंबरेच्या रिपोर्टचंही तसंच. कंबर अजिबात न दुखणारी साठीतली दहा माणसं आणून एमआरआय काढले, तर साधारण सात जणांत कुठली ना कुठली गादी बाहेर आलेली दिसते. केस पिकावेत तसं ते आहे. रिपोर्टमध्ये ‘नस दबली आहे’ असं वाक्य आलं की घरचे घाबरतात, ते मी समजू शकतो. पण कंबरेतली नस दबली तर पायात कळ येते, ठरावीक पट्ट्यात बधिरपणा येतो. हात बिघडत नाहीत. हात आणि पाय दोन्ही बिघडले असतील तर दोष दोघांच्याही वर कुठेतरी शोधावा लागतो.

आणि तो शोधायचं साधन एमआरआय नव्हे, रबरी हातोडी आहे. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय हलका उडतो. मज्जारज्जूच्या खालच्या भागातलं हे आपोआप चालणारं काम मेंदू वरून वेसण धरून आवरत असतो. वर दाब आला की वेसण सैल होते आणि खालचे सगळे झटके जोरात येऊ लागतात. मधुमेहाने किंवा कंबरेत नस दबल्याने उलट होतं, झटका मंद होतो किंवा येतच नाही. म्हणजे दोन मिनिटांत, एक पैसा खर्च न करता, दोष वर आहे की खाली याचा अंदाज येतो. मधलं बोट धरून त्याच्या नखाला टिचकी मारायची आणि अंगठा आत वळतो का बघायचं, ही हॉफमनची खूण. तळपायाच्या कडेने चावी ओढायची आणि अंगठा वर उठतो का बघायचं, ही बाबिन्स्कीची. ती बाबिन्स्की या डॉक्टरने पॅरिसमध्ये 1896 साली सांगितली आणि आजही तिला तोड नाही. तुम्ही पाठवलेल्या चार केसपेपरांत आईंच्या झटक्यांची नोंद एकाही पानावर मला दिसली नाही. मला खटकली ती ही गोष्ट.

एक सावधगिरी इथेच सांगतो. मधुमेह आणि मानेचा दाब दोन्ही एकाच माणसात असतील तर चित्र गढूळ होतं. मधुमेहाने घोट्याचा झटका गेलेला असतो आणि मानेमुळे गुडघ्याचा वाढलेला असतो. बी-12 च्या कमतरतेतही मज्जारज्जूच बिघडतो आणि नेमकं असंच मिश्रण दिसू शकतं. आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असतील तर त्या गोळीने बी-12 उतरतं, हे ध्यानात ठेवा. इंजेक्शनं दिली हे योग्यच झालं, ती बंद करू नका. पण बी-12 भरून निघालं आणि काही महिन्यांनी तोल आणखी बिघडत असेल, तर सगळं त्याच्याच खात्यावर टाकता येणार नाही. एक कारण सापडलं की दुसरं शोधायचं थांबतं, आणि या आजारात घात इथेच होतो.

हे मी दुसऱ्यांच्या चुकांवर बोट ठेवायला लिहीत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत 58 वर्षांचे एक शिंपीकाका आले होते. थोडं चाललं की दोन्ही पाय भरून यायचे, बसावं लागायचं. कंबरेचा एमआरआय घेऊन आले होते, नळी खरोखरच अरुंद होती, मी ऑपरेशन केलं. पायांचं भरून येणं थांबलं. पण चाल सुधारली नाही, पाय कडक पडायचे. तीन महिन्यांनी ते परत आले ते कात्री घेऊन. माझ्या टेबलावर त्यांनी कापडाचा तुकडा ठेवला आणि म्हणाले, ‘डॉक्टर, ही बंद होते, पण मला उघडता येत नाही.’ खरंच, कात्री कापडावर मिटायची आणि अंगठा मागे यायला एक-दोन सेकंद जायचे. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या हातांना हातोडी लावली. मानेत तीन ठिकाणी दाब होता. कंबर आणि मान एकाच वेळी अरुंद असलेले पेशंट विरळ नसतात, पण मी पाय दुखणाऱ्या माणसाचे पायच तपासले होते. मानेचं ऑपरेशन झालं, चाल बरीच सावरली, पण पूर्वीची कात्री पुन्हा हातात आली नाही. ते सहा-सात महिने आधी कळायला हवं होतं. तेव्हापासून माझ्याकडे नुसती कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसालाही मी आधी मूठ उघडमीट करायला लावतो.

ती तपासणी तुम्ही घरीही करू शकता. आईंना समोर बसवा, हात पुढे करा म्हणावं आणि दहा सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा मूठ पूर्ण मिटून पूर्ण उघडायला सांगा. वीसच्या आसपास जमायला हवं. वयाने एक-दोन कमी झाले तर घाबरू नका. आकड्यापेक्षा बोटं उघडताना अडखळतात का ते बघा. मग हात पालथे, बोटं जुळवून सरळ धरायला सांगा आणि करंगळी हळूच बाजूला सरकते का बघा. भिंतीजवळ उभं राहून एका पावलाच्या टाचेपुढे दुसऱ्याची बोटं ठेवत दहा पावलं चालवा, तुम्ही शेजारी राहा. पाकिटात न बघता दोनचं आणि पाचचं नाणं ओळखता येतं का विचारा. ब्लाउजचे हुक, सुईत दोरा, पोळीची कड, मंगळसूत्राची कडी, यातलं काय कधीपासून अवघड झालं ते तारखेनिशी लिहून काढा. लघवीची घाई होते का, थांबवता येत नाही का, हेही विचारा. आया हे मुलांना सांगत नाहीत, तेव्हा बहिणीला किंवा मावशीला विचारायला लावा. या घरच्या परीक्षांनी निदान होत नाही, पण डॉक्टरांपुढे नेमकं बोलता येतं.

दाखवायचं कुणाला? न्यूरोलॉजिस्ट किंवा मणक्याचे सर्जन, जे जवळ असतील ते. आत गेल्यावर रिपोर्टांची फाइल आधी पुढे करू नका. आधी सांगा, ‘हात आणि तोल दोन्ही बिघडलेत, झटके तपासाल का?’ मानेचा एमआरआय सांगतील. जमल्यास त्याच वेळी सगळ्या पाठीच्या कण्याचा एक झटपट फेरा काढून घ्या, म्हणजे छातीच्या भागात काही लपलं असेल तर तेही कळेल. तिथेही काही नाही निघालं तर मेंदू, थायरॉइड, नसांचे इतर आजार असा पुढचा शोध आहे. तेव्हा माझा अंदाज चुकू शकतो, पण क्रम चुकायला नको.

आता समजा मानेत दाब निघाला. पुढे काय, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे: त्रास किती आहे, किती वेगाने वाढतोय, मज्जारज्जूत एमआरआयवर पांढरा डाग आलाय का, साखर आणि हृदय कसं आहे. आम्ही हात, पाय, संवेदना आणि लघवी मिळून 18 गुणांची एक मोजणी करतो. 15 ते 17 म्हणजे सौम्य, 12 ते 14 मध्यम, 11 किंवा कमी म्हणजे तीव्र. मध्यम आणि तीव्र त्रासात ऑपरेशनचाच सल्ला देतो. सौम्य असेल तर बारकाईने लक्ष ठेवून, फिजिओथेरपी करत काही काळ थांबता येतं, पण दर तीन महिन्यांनी हीच मोजणी पुन्हा करून. ऑपरेशन न करता सोडलेल्यांपैकी पुढच्या तीन ते सहा वर्षांत 20 ते 60 टक्के लोक आणखी बिघडतात. हा आजार जिन्यासारखा उतरतो: बरेच महिने सपाट, मग एकदम एक पायरी खाली. मधल्या सपाट महिन्यांत घरच्यांना वाटतं की आता थांबलं.

ऑपरेशन कशासाठी, हेही आत्ताच स्पष्ट असू द्या. पहिला हेतू आहे ते टिकवणं. सुधारणा बहुतेकांत होते, पण किती होईल ते किती दिवस दाब होता यावर ठरतं. आईंच्या वाती परत येतील असं मी तुम्हाला इथून लिहून देऊ शकत नाही. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करा, भरती होण्याआधीच.

तुम्ही असंही विचारलंय की मणक्याच्या आजारात अशी फसगत नेहमी होते का. होते, आणि ती फक्त मानेपुरती नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणारा म्हणजे मणक्याचा क्षयरोग. एक 28 वर्षांचा मुलगा चार महिने पोट दुखतंय म्हणून फिरत होता. नाभीच्या पातळीवर, उजव्या बाजूने पट्ट्यासारखं दुखायचं. दोन सोनोग्राफी झाल्या, अपेंडिक्स काढून झालं, दुखणं तसंच. पाठीला थोडी कळ होती, ती त्याने मोटरसायकलवर ढकलली होती. नाभीच्या पट्ट्याची नस छातीच्या दहाव्या मणक्यापाशी निघते. मी पाठीवर मुठीने एकेका मणक्यावर हलकं ठोकत खाली आलो. नऊ मणके तो शांत होता, दहाव्याला अंग चोरून पुढे झुकला. संध्याकाळचा ताप आणि सात किलो घटलेलं वजन त्याने विचारल्यावर सांगितलं, कारण पोटाच्या डॉक्टरांकडे पाठीचं आणि तापाचं काय सांगायचं, असं त्याला वाटलं होतं. एमआरआयमध्ये शेजारचे दोन मणके आणि मधली गादी खाल्लेली होती, पू मज्जारज्जूला टेकला होता. सुईने नमुना काढून क्षयरोग पक्का केला आणि औषधं सुरू झाली. हाडाच्या क्षयाला ती वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात, सरकारकडून मोफत मिळतात. त्याचे पाय वाचले. पाठीला कुबड येऊन पाय जाण्याचं वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉटने 1779 साली केलं, त्याचंच नाव या आजाराला आहे. पण आज कुबड येईपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. विशी-तिशीतल्या मुलाची कंबर पहाटे दुखून जाग येते, उठून चाललं की मोकळी होते, मधूनच टाच दुखते, डोळा लाल होतो: ही गादी नसते, सांध्यांचा सूज येणारा आजार असतो, आणि वर्षानुवर्षं ‘बसण्याची पद्धत’ म्हणून त्याला पट्टा दिला जातो. उलट बाजूनेही फसगत होते. खुब्याचा सांधा झिजलेला असतो आणि दुखतो गुडघा, मग एमआरआय काढला जातो कंबरेचा. नागीण उठण्याआधी तीन-चार दिवस छातीला एका पट्ट्यात जळजळ होते, तेव्हा पुरळ दिसेपर्यंत सगळे मणक्याकडे बघतात. मानेतली नस दबून छातीत, डाव्या हातात कळ येऊ शकते हे खरं, पण तिथे आधी ईसीजी, मग मान. हा क्रम कधीही उलटा करू नका.

तुमच्या आईंकडे परत येतो. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्यांना पडू देऊ नका. नळी अरुंद असलेल्या माणसाची मान पडताना एकदम मागे झुकली तर हाड न मोडताही मज्जारज्जूला इजा होते आणि हात जास्त लुळे पडतात. न्हाणीघरात पकडायला दांडा लावा, ओली फरशी पुसून ठेवा, चप्पल मागून पट्ट्याची घ्या, रात्री दिवा चालू ठेवा. मान मोडून घेणं, जोरात मालिश, वजन लावून मान ओढणं हे सगळं बंद. पार्लरमध्ये मान मागे टाकून केस धुणं नको, माळ्यावरचं काढायला मान वर करून उभं राहणं नको. पाय अचानक जड पडले, लघवी अडली किंवा नकळत झाली, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर वेळ घ्यायची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, रात्र असली तरी.

आणि डाव्या मनगटाच्या ऑपरेशनची पुढच्या आठवड्यातली जी तारीख तुम्ही लिहिली आहे, ती आजच फोन करून पुढे ढकला. ते मनगट दोन महिने थांबू शकतं.